लवंग नेमकी कुणाची, मसाल्याची की यीस्टची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दालचिनी, धणे आणि संत्र्याची साल घातलेल्या गडद गव्हाच्या बिअरच्या, 330 मिलीच्या दोन बाटल्या तुमच्याकडे आल्या. पहिली पिऊन तुम्ही लिहिलंत: "केळ्याचा वास, लवंग फारच जास्त, शेवटी कडवट, 10 पैकी 6." त्यावर कुणीतरी टोकलं की लेबलवर लवंग नाहीच. आता दुसरी उघडण्याआधी तुम्हाला हवं आहे की अशी बिअर चाखायची कशी आणि तिच्याबद्दल लिहायचं कसं.

तुमची जीभ चुकलेली नाही. लवंग होतीच, फक्त ती मसाल्याच्या डब्यातून आलेली नव्हती. या प्रकारच्या बिअरमध्ये सगळी गोम हीच आहे. एकच वास दोन-तीन वेगवेगळ्या वाटांनी ग्लासात येऊ शकतो, आणि कोणता कुठून आला हे ठरल्याशिवाय "मसाला जास्त झाला" किंवा "कमी पडला" म्हणण्याला अर्थ नसतो. बनवणाऱ्यानं लवंग घातलीच नसेल तर लवंगेसाठी मार्क कापून काय उपयोग?

बव्हेरियातली गडद गव्हाची बिअर, म्हणजे डंकेलवायझेन, तिच्यात मसाला अजिबात नसतो. निम्मा किंवा त्याहून जास्त गव्हाचा माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), बाकी बार्लीचा माल्ट, हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं), पाणी आणि एक विशिष्ट यीस्ट, एवढंच. हे यीस्ट माल्टमधलं फेरुलिक आम्ल घेऊन त्याचं 4-व्हिनाइल ग्वायकॉल करतं. तुम्हाला आलेली लवंग ती ही. तेच यीस्ट आंबताना आयसोअमाइल ॲसिटेट तयार करतं, ते केळं. आंबवण्याचं तापमान जरा चढं ठेवलं की सहसा केळं वाढतं. लवंग वाढवायची असेल तर माल्ट भिजवताना साधारण 45 अंशांवर थोडा वेळ थांबतात, म्हणजे फेरुलिक आम्ल जास्त सुटतं. थोडक्यात, हा "मसाला" बनवणाऱ्याच्या हातातला असला तरी तो किराणा दुकानातून येत नाही.

धणे आणि संत्र्याची साल ही मात्र बेल्जियमची रीत. ती जवळपास विझली होती. 1966 च्या सुमारास होगार्डन गावात पिएर सेलिस यांनी ती पुन्हा उभी केली. तुमच्या बाटलीत दोन्ही घराण्यांची सोयरीक झालेली आहे: रंग जर्मन, मसाला बेल्जियन, आणि दालचिनी बहुधा बनवणाऱ्याची स्वतःची हौस. यीस्ट कुठल्या घराण्याचं वापरलं यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. बेल्जियन असेल तर केळं कमी आणि मिरीसारखी तिखट छटा जास्त. तुम्हाला केळं ठसठशीत आलं, म्हणजे जर्मन यीस्टची शक्यता जास्त. लेबलवर काही लिहिलेलं असेल तर तेवढं पाहून घ्या.

खरी लवंग आणि यीस्टची लवंग ओळखायची कशी? खऱ्या लवंगेत युजेनॉल असतं. रसायनाच्या दृष्टीनं दोन्ही एकाच कुळातली, म्हणून नाक फसतं. पण जीभ फसत नाही. दाढ दुखली की घरात लवंग दाबून धरायला सांगतात ना, तो बधिरपणा युजेनॉलचा. खरी लवंग घातलेली बिअर गिळल्यावर जिभेचं टोक आणि हिरडीची आतली कड किंचित सुन्न झाल्यासारखी वाटते, आणि ते अर्धा-एक मिनिट टिकतं. यीस्टची लवंग नाकात येते, थोडी धुरकट असते, केळ्याला चिकटून येते आणि घोट संपला की विरते. दुसऱ्या बाटलीत नेमकं हेच तपासा.

आता कडवटपणा. डंकेलवायझेनमध्ये हॉप्सचा कडूपणा 10 ते 18 आयबीयू (बिअरचा कडूपणा मोजायचं एकक), म्हणजे फारच मवाळ. मसाल्याच्या बिअरलाही बहुतेक जण तेवढाच ठेवतात. तरीही शेवटी कडू लागत असेल तर हॉप्सवर खापर फोडण्याआधी चार संशयित तपासा. संत्र्याच्या सालीचा आतला पांढरा भाग गेला असेल तर फोडीवरचे पांढरे धागे किंवा बी चावल्यासारखा कडूपणा येतो, जिभेच्या मागच्या भागावर, आणि तो लवकर जात नाही. भाजकं धान्य जास्त झालं असेल तर कडूपणा करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा किंवा कॉफीसारखा लागतो. इथे लक्षात ठेवायचं की या बिअरचा गडद रंग मुख्यतः म्युनिक माल्ट आणि गडद गव्हाच्या माल्टचा असायला हवा. चव खरपूस पोळीची, पावाच्या कडेची, फार तर हलक्या कॅरॅमलची. कोळसा कुठेही नको. दालचिनीचं म्हणाल तर ती खरं कडू नसतेच. ती तोंड कोरडं करते. जास्त उकळलेल्या काळ्या चहासारखी जीभ खरखरीत होते आणि आपण घाईत त्याला "कडू" म्हणून मोकळे होतो. चौथा संशयित म्हणजे तळाचा यीस्टचा साका. तो ग्लासात ओतला गेला तर मातकट, पिठूळ कडवटपणा येतो. हा सगळ्यात सहज पकडता येतो, कारण साका नसलेल्या ग्लासात तो नसतो.

धण्यांबद्दल एक सूचना. ताजे, नुकते भरडलेले धणे लिंबाच्या सालीसारखे, थोडे फुलांसारखे वास देतात. ते धण्यांतल्या लिनालूल या सुगंधी घटकाचं काम. जुने किंवा जास्त वेळ उकळलेले धणे मात्र सेलरीसारखे, कधी कधी तर हॅमसारखे खारट-मांसल लागतात. पुष्कळ जण हा दोष "विचित्र मसाला" म्हणून सोडून देतात. तो धण्यांचा दोष आहे, तसाच लिहा.

आणि संत्र्याबद्दल, नागपूरकर म्हणून आपली जरा अडचण होते. "संत्र्याची साल" वाचलं की आपल्या डोळ्यांसमोर सैल, पातळ सालीचं आपलं संत्रं येतं, सोलताना बोटांना तेल लागणारं. पण बिअरमध्ये पुष्कळदा कडू संत्र्याची वाळवलेली साल असते आणि तिचा वास मार्मालेडकडे झुकतो. आपल्या संत्र्याचा वास आला नाही म्हणून साल कमी पडली, असा निष्कर्ष काढू नका.

आता नाकाची तयारी. एका संध्याकाळी होते. इतवारीतून किंवा घरच्या डब्यातून दोन लवंगा, अडीच सेंटीमीटरचा दालचिनीचा तुकडा, चहाचा एक चमचा जाडसर भरडलेले धणे, आणि पाव संत्र्याची पांढरा भाग खरवडून काढलेली साल घ्या. चार वेगवेगळ्या कपांत ठेवून प्रत्येकात 100 मिली उकळतं पाणी घाला, झाका, दहा मिनिटांनी गाळा आणि गार होऊ द्या. मग साध्या लागरचे 100 मिलीचे पाच ग्लास भरा. चार ग्लासांत प्रत्येकी चहाचा एक चमचा, म्हणजे 5 मिली अर्क घाला; पाचवा तसाच ठेवा. हा तुमचा नकाशा. अर्कासाठी गव्हाची बिअर वापरू नका, ही चूक फार होते. आपल्याकडे "व्हीट बिअर" म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्या बेल्जियन धाटणीच्या असतात आणि त्यांत धणे व साल आधीच असते. मग तुलनेला काही उरत नाही. यीस्टची लवंग आणि केळं समजून घ्यायला मात्र मसाला नसलेली जर्मन बाटली लागते. एर्डिंगर, पाउलानर, फ्रान्झिस्कानर, जी मिळेल ती चालेल. डंकेल मिळाली तर उत्तमच.

स्वतःला तपासायचं असेल तर त्रिकोणी चाचणी करा. घरातल्या कुणाला तरी तीन ग्लास भरायला सांगा, दोन साध्या लागरचे, एक दालचिनीचा, कोणता कुठे ते तुम्हाला न सांगता. वेगळा कोणता ते ओळखायचं. एकदा बरोबर आलं तर त्यात नशिबाचा वाटा तीनात एक असतो. लागोपाठ तीनदा बरोबर आलं तर तो 27 त एक इतका खाली येतो. तेवढं जमलं की दालचिनीबद्दल ठामपणे लिहायला हरकत नाही.

पण या सगळ्याच्या आधी एक प्रश्न: बाटली तुमच्याकडे येईपर्यंत कुठे होती? नागपुरात हा मुद्दा वरवरचा नाही. पारा 45 च्या वर गेलेला असताना बंद गाडीच्या डिकीत बाटली एक दुपार राहिली तरी बिअर म्हातारी होते. ढोबळ हिशेब असा की दर दहा अंशांमागे बिघडण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. आधी केळं मावळतं. मग ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, माल्टची गोडी शेरीसारखी, मनुकांसारखी होते. या दोन खुणा एकत्र दिसल्या तर ती बिअर बनवणाऱ्याची चूक म्हणून लिहू नका. उत्पादनाची तारीख, खरेदीची तारीख आणि बाटली कुठे ठेवली होती ते लिहा आणि वाचणाऱ्याला ठरवू द्या. नवतपात कुरिअरनं आलेल्या बाटलीवर परीक्षण लिहूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चाखायला मित्राकडे वर्ध्याला जायचा बेत असेल तर बाटली घरीच राहू द्या. तो जिल्हा दारूबंदीचा आहे.

चाखण्याच्या दिवशी तोंड रिकामं हवं. सावजी रस्सा खाऊन त्याच संध्याकाळी बिअर चाखणं म्हणजे बँडच्या गाडीमागे उभं राहून तानपुरा जुळवणं. मिरचीनं जीभ पेटलेली असते, आणि सावजी मसाल्यातल्या लवंग, दालचिनी, दगडफुलाचा वास बोटांना आणि मिशीला तासन्‌तास राहतो. किमान दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. खर्रा, पान, बडीशेप, मिंट यांचंही तसंच. खर्रा खाणाऱ्यानं तर सकाळी, तोंड पूर्ण मोकळं असतानाच चाखावं. खोलीत उदबत्ती नको, फोडणी नको. कूलर बंद ठेवा. ताटीतला ओला वाळा कितीही छान वाटला तरी तो प्रत्येक ग्लासात उतरतो, आणि मग तुम्ही परीक्षणात "मातीचा, गवताचा गंध" लिहाल आणि लोक चक्रावतील. मधूनमधून साधं पाणी आणि बिनमिठाचे मुरमुरे किंवा ज्वारीच्या लाह्या. नाक थकलं तर स्वतःच्या बाहीचा वास घ्या, कॉफीच्या बियांची गरज नाही.

ग्लास काचेचाच, तोंडाशी थोडा निमुळता. वाइनचा ग्लास उत्तम चालतो. खायच्या सोड्यानं घासून भरपूर पाण्यात धुवा आणि उलटा वाळवा, फडक्यानं पुसू नका. पाण्याचा सलग पापुद्रा काचेवरून घसरला तर ग्लास स्वच्छ. थेंब थेंब चिकटून राहिले तर तेलकटपणा बाकी आहे. गव्हाच्या बिअरचा फेस जाड आणि टिकाऊ असायला हवा, पण तेलाचा अंश त्याला पटकन मारतो. फेस दोन मिनिटांत बसला तर आधी ग्लासावर संशय घ्या, मग बिअरवर. स्वच्छ ग्लासातही तसंच झालं तर सालीतल्या तेलाचा विचार करा.

आता तुमची एकच बाटली उरली आहे, तिचा हिशेब असा. आदल्या दिवशी फ्रिजमध्ये उभी ठेवा, म्हणजे साका तळाशी बसेल. बाहेर काढून दहा मिनिटं थांबा. ग्लासातली बिअर आठ अंशांच्या आसपास हवी. एक साधा थर्मामीटर ग्लासात बुडवून पाहिलात तर अंदाज करायची गरज उरणार नाही, कारण मेमधली आपली दहा मिनिटं आणि डिसेंबरमधली दहा मिनिटं वेगळी असतात. पहिल्या दोन ग्लासांत प्रत्येकी 110 मिली, बाटली न हलवता, तिरप्या ग्लासात हळू ओता. उरलेल्या 110 मिलीसकट बाटली टेबलावर गोल फिरवून साका उठवा आणि तिसऱ्या ग्लासात ओता.

पहिला ग्लास लगेच. ओतल्याबरोबर तीन-चार छोटे हुंगे घ्या आणि काय आलं ते लिहा, आधी कोणतं आणि नंतर कोणतं या क्रमानं. सालीचं तेल आणि धणे हे पहिल्या मिनिटात सगळ्यात उठून दिसतात आणि मग पळतात. केळं जरा उशिरा स्थिरावतं. मग पांढऱ्या कागदासमोर रंग बघा, कडेला तांबूस झाक आहे का, गढूळपणा किती. हे लिहून झाल्यावरच घोट. 15 ते 20 मिली तोंडात घेऊन सगळीकडे फिरवा, गिळा आणि तोंड बंद ठेवून नाकानं श्वास सोडा. निम्मी माहिती त्या उच्छ्वासात असते. वाइन चाखणारे थुंकतात. बिअरमध्ये बहुधा गिळतात, कारण कडूपणाचा शेवट घशाशी कळतो. म्हणूनच एका बैठकीत चारपेक्षा जास्त बिअर नकोत.

दुसरा ग्लास झाकून ठेवा आणि 14 ते 16 अंशांना आल्यावर चाखा. थंड बिअरमध्ये गोडी आणि वास दबतात, कडूपणा आणि वायूचा चटका पुढे येतो. तुमचा "शेवटी कडवट" हा शेरा कदाचित थेट फ्रिजमधून प्यायल्यामुळे असेल. दुसऱ्या ग्लासात कडूपणा विरला आणि खरपूस माल्ट वर आला तर प्रश्न मिटला. उलट जीभ अधिकच खरखरीत झाली तर दालचिनीचा हात सैल सुटला आहे. तिसरा, साक्याचा ग्लास पहिल्याशेजारी ठेवून चाखा. तो जाडसर, मलईदार आणि पावाच्या पिठासारखा लागायला हवा. मांसाच्या अर्कासारखा किंवा सोया सॉससारखा लागला तर यीस्ट मरून फुटलं आहे, बाटली जुनी झाली.

बाकी दोष पटकन सांगतो. लोण्यासारखा वास म्हणजे डायअसिटिल. उकडलेल्या मक्याचा म्हणजे डीएमएस (डायमिथाइल सल्फाइड). हिरव्या सफरचंदाचा म्हणजे बिअर कच्ची. औषधी पट्टीसारखा म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनचा संबंध. किंचित आंबटपणा गव्हाला शोभतो, व्हिनेगर शोभत नाही.

लिहिताना मी नेहमी वर्णन आधी आणि निवाडा नंतर ठेवतो. बीजेसीपी या बिअर परीक्षकांच्या संस्थेची 50 गुणांची पद्धत सरळ आहे: वास 12, रूप 3, चव 20, तोंडातला पोत 5, एकूण परिणाम 10. तीत 30 ते 37 म्हणजे "फार चांगली", 38 ते 44 "उत्कृष्ट". तुमच्या "10 पैकी 6" मधून वाचणाऱ्याला वजाबाकी कुठे झाली ते कळत नाही, इथे कळतं. एकूण परिणामात माझी कसोटी एकच: डोळे मिटून चाखलं तर आधी गव्हाची गडद बिअर कळावी आणि मागून मसाला. दालचिनीचा चहा आधी आठवला तर मसाला कितीही सुंदर असो, दहापैकी चार.

तुमचाच शेरा नीट मांडला तर साधारण असा दिसेल. तपशील अर्थात दुसऱ्या बाटलीवर ठरतील. "330 मिली, उत्पादनानंतर तिसरा महिना, फ्रिजमध्ये ठेवलेली, 8 आणि 15 अंशांना चाखली. वासात आधी लिंबाळ धणे, मग पिकलं केळं आणि धुरकट लवंग. बधिरपणा नाही, म्हणजे लवंग यीस्टची. रंग तांबूस तपकिरी, गढूळ, फेस पाच मिनिटं टिकला. चव पोळीच्या खरपूस कडेची, मधे दालचिनी. संत्र्याची साल वासात पुसट, पण घोटाच्या शेवटी तिचा पांढरा कडूपणा, गरम झाल्यावरही तसाच. पोत मलईदार. वास 9, रूप 3, चव 12, पोत 4, एकूण 6. 50 पैकी 34. साल कमी वेळ ठेवली असती तर चार गुण सहज वाढले असते."

दुसरी बाटली उघडण्याआधी पहिलीचं लेबल फेकलं नसेल तर तारखा ताडून बघा. दोन्ही एकाच बॅचच्या नसतील तर जुना शेरा बाजूला ठेवूनच सुरुवात करा.